मदत हवी आहे: सासऱ्यांच्या पलंगावर कुत्रा झोपतो, खाली उतरवावं का?

रामबागची सून

नमस्कार. इंदूरहून लिहितेय. जरा लांबलं तर सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझे सासरे, आम्ही नाना म्हणतो, वय ७८. मधुमेहाला १८ वर्षं झाली. घरात वाघ्या नावाचा काळा गावठी कुत्रा आहे, सहा वर्षांचा. चंपाषष्ठीला आई, म्हणजे सासूबाई, भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्याला घालायला बाहेर गेल्या, तर हे पिल्लू ओट्यावर कुडकुडत बसलेलं. कुलस्वामी खंडोबा, त्यामुळे नाव शोधावं लागलं नाही. आई होत्या तोवर त्याची जागा जिन्याखाली. आतल्या खोलीत पाऊल टाकायची मुभा नव्हती.

गेल्या वर्षी श्रावणात आई गेल्या आणि नानांची झोपच उडाली. रात्री दोन-दोन वाजता ओट्यावर एकटे बसलेले असायचे. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, तिनं दिवसभर गुंगी यायची. मग एका रात्री वाघ्या जिन्याखालून उठून त्यांच्या मागोमाग आत गेला आणि पलंगावर चढला. सकाळी सहाला मी चहा घेऊन गेले तर नाना गाढ झोपलेले. वाघ्या त्यांच्या गुडघ्यांच्या वळणात पाठ टेकवून पडला होता आणि नानांचा हात त्याच्या मानेवर. आम्ही कुणी काही बोललो नाही. तेव्हापासून तसंच चालू आहे. गोळीही सुटली.

सोवळ्याओवळ्याचा विषय आत्यांनी काढला होता. दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री असतात, म्हणून नानांनी तो तिथेच मिटवला. माझी काळजी वेगळी आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी नाना पलंगावर बसून पेपर वाचत होते आणि वाघ्या त्यांची उजवी टाच चाटत होता. टाचेला खोल भेग, कडा ओल्या, लालसर. मी घाबरून विचारलं, "नाना, दुखत नाही का?" तर म्हणाले, "काय दुखायचंय?" कुत्रा पाय चाटतोय हे त्यांना कळतच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

दुसरं रात्रीचं. ते लघवीला दोनदा उठतात. नाना हलले की वाघ्या आधी उडी मारतो आणि नेमका पायांत उभा राहतो. काळं कुत्रं, अंधार. परवा अडखळलेच, कपाटाची मूठ हाताला लागली म्हणून पडले नाहीत.

यांचं म्हणणं, उद्यापासून खोलीचं दार लावून घ्यायचं. एक रात्र तेही करून पाहिलं. वाघ्या पहाटेपर्यंत दार खरवडत होता आणि आत नाना जागे. सकाळी एवढंच म्हणाले, "त्याचं काय चुकलं ते तरी सांगा त्याला."

मोठ्या कुत्र्याची अशी सवय कुणी मोडली आहे का, आणि तीही माणसाची झोप न मोडता? पलंगावर राहू दिलंच तर काय काय सांभाळायचं? लसी वेळच्या वेळी होतात. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते मात्र आठवत नाही.

नर्मदाकाठ

ताई, पलंगावर घेतलं की कुत्रं स्वतःला घरचा मालक समजायला लागतं. आठवडाभर साखळीनं बाहेर बांधा, आपोआप विसरेल.

पशुवैद्य, महू

वरच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. कुत्रा मऊ, उबदार आणि आपल्या माणसाचा वास असलेली जागा शोधतो, त्यात मालकी गाजवणं नसतं. पलंगावरून उतरवताना तो गुरगुरत असेल तर मात्र जपून, अशा कुत्र्याला पलंग नकोच. सहा वर्षं घरात राहिलेल्याला एकदम बाहेर बांधलं तर तो भुंकून गल्ली जागी ठेवेल.

पण आधी टाच बघा, आणि आजच. कुत्र्याच्या जिभेनं जखम बरी होते ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडातही पाश्चुरेला, कॅप्नोसायटोफॅगा असे जंतू असतात. धडधाकट माणसाच्या धड कातडीवर ते सहसा काही करत नाहीत. मधुमेहात पायाची जाणीव गेलेली, रक्तपुरवठा मंदावलेला, आणि त्यात उघडी भेग असेल तर गोष्ट हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. नानांना कळत नव्हतं हे त्यांच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. रोज तळवे उजेडात बघायचे. भेगांना डॉक्टर देतील ते मलम (बोटांच्या बेचक्यात नको), वरून सैल सुती मोजे. जखम भरेपर्यंत कुत्रा पलंगावर नको, यात माझ्याकडून सूट नाही.

वाघ्याला वजन करून जंताचं औषध द्या, पुढे दर तीन महिन्यांनी. गोचिडांसाठी कान, बोटांमधली जागा आणि शेपटीखाली हात फिरवा. आपल्याकडची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाली की खाली गळते आणि भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, खोलीही बघावी लागते. एखादी सापडलीच तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटानं चिरडू नका.

शनिवारवाडा_११

झोपेबद्दल एक भर. २०१७ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं ४० निरोगी माणसांची सात रात्री झोप मोजली होती, कुत्र्यांसकट. कुत्रा खोलीत असूनही झोप ठीक लागत होती, पलंगावर असला की मात्र कमी व्हायची. म्हणजे खोलीबाहेर काढायची गरजच नाही, फक्त पलंगावरून खाली उतरवायचा आहे.

सयाजीबाग

वडोदऱ्याहून. माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

जमिनीवर गादी टाकली तर कुत्रा तिथे राहत नाही, कारण माणसाचा हात पोचत नाही. आम्ही सुताराकडून बुटकं बाकडं करून घेतलं, पलंगापेक्षा वीतभर खाली. त्यावर गादी आणि बाबांनी दोन दिवस अंगात घातलेली, न धुतलेली बंडी. बाकडं बाबा उतरतात त्या बाजूला ठेवू नका. पलंग भिंतीपासून सरकवा आणि मधल्या जागेत बसवा, म्हणजे कुत्रा उतरला तरी पायांत येत नाही. जमिनीलगत एक मंद दिवा लावा.

सुरुवात दिवसा करा. बाकड्यावर बसला की "जागेवर" म्हणायचं आणि पोळीचा तुकडा. रात्री वर चढला तर ओरडायचं नाही, न बोलता खाली घ्यायचा. पहिल्या रात्री आम्ही १४ वेळा उतरवला. एकदा जरी दया येऊन राहू दिला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि हे नानांना पटलं पाहिजे, नाहीतर ते अंधारात स्वतःच वर घेतील. आमच्या बाबांनी तीन रात्री तेच केलं.

रामबागची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहितेय.

डॉक्टरांनी नानांच्या तळव्याला बारीक दोरा टेकवून विचारलं, कळतंय का. उजव्या टाचेवर पाच ठिकाणी टेकवला, नाना पाचही वेळा गप्प. हे बघून ते स्वतःच हादरले. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाले, "वाघ्याला खाली निजवू." मला समजावायची वेळच आली नाही.

बाकडं केलंय. वाघ्याच्या कानामागे दोन गोचिडी निघाल्या, पलंगाच्या सांध्यात काही दिसलं नाही. भेग सुकायला लागली आहे, मोजे रात्री मी स्वतः चढवते.

पहिल्या तीन रात्री फार वाईट गेल्या. मी त्याच खोलीत खाली अंथरूण टाकून होते आणि वाघ्याला उतरवत होते. चौथ्या रात्री तो बाकड्यावर गोल गोल फिरला, बंडी पंजानं ओढून एका कोपऱ्यात गोळा केली आणि तिच्यावर तोंड टेकून पडला. नानांनी रजईतून हात बाहेर काढला. मानेपर्यंत नाही, पण कानापर्यंत पोचला.

आता एकच विचारायचंय, सयाजीबाग. पहाटे चार-साडेचारला तो अजूनही पुढचे दोन पाय पलंगावर ठेवून उभा राहतो, वर चढत नाही, नुसता नानांकडे बघत राहतो. मी तेव्हाही "जागेवर" म्हणू, की तेवढं राहू देऊ?

सयाजीबाग

टाच पूर्ण भरेपर्यंत म्हणा. नंतर तेवढं राहू द्या.