कोहातली कोष्टकं बदलताना: ग्रंथालयातल्यांचे अनुभव

कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर बसवून देणारे भेटतात, पुस्तकांच्या नोंदी करायला शिकवणारेही भेटतात. ॲडमिनिस्ट्रेशन या मेनूतली कोष्टकं, म्हणजे नियमांचे आणि कोडच्या याद्यांचे तक्ते, मात्र सुरुवातीला एकदा भरली की वर्षानुवर्षं तशीच राहतात. ती उघडायची वेळ येते ती नेमकी जूनमध्ये, प्रवेशाच्या गर्दीत. म्हणून हा धागा. कोणतं कोष्टक, त्यात काय बदलता येतं, कुठे अडतं, का अडतं, एवढंच नेमकं लिहावं ही विनंती. आवृत्तीप्रमाणे बटणांच्या जागा हलतात, तेव्हा मेनूचं नाव जरूर द्या.

ग्रंथपाल, महाविद्यालय

आयटम टाइपपासून (प्रतीचा प्रकार, जसं संदर्भ ग्रंथ, दिवाळी अंक) सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावर उभं असतं.

आयटम टाइपचा कोड जास्तीत जास्त 10 अक्षरांचा. एकदा जतन केला की तो बदलता येत नाही. वर्णन हवं तेव्हा बदला. शाखा आणि सभासद वर्गाच्या कोडचंही असंच. म्हणून कोड रोमन लिपीत, कॅपिटल अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि वर्णन मराठीत. 'संदर्भ ग्रंथ'चं उद्या 'संदर्भ साहित्य' करायचं झालं तर एक ओळ बदलून काम भागतं. कोडमध्ये मजला, कपाट किंवा वर्ष घालू नका. कपाट हलतं, कोड तिथेच राहतो.

चुकीचा कोड काढून टाकायचा असेल तर क्रम असा ठेवा: आधी नवा आयटम टाइप तयार करा, मग सर्क्युलेशन रूल्समध्ये (देवघेवीचे नियम) त्याच्या नियमांच्या ओळी भरा, आणि त्यानंतरच बॅच आयटम मॉडिफिकेशनमधून बारकोडची यादी देऊन 952 चं (मार्क या नोंदीच्या प्रमाण साच्यातलं प्रतीच्या माहितीचं क्षेत्र) वाय उपक्षेत्र बदला. नियमांच्या आधी पुस्तकं हलवलीत तर मधल्या वेळात इश्यू झालेल्या पुस्तकांना सर्वसाधारण नियम लागतो आणि परतीच्या तारखा चुकतात. बॅचची मूळ मर्यादा 1000 प्रतींची आहे, तेव्हा यादीचे तेवढे गठ्ठे करा.

सगळ्या प्रती हलवल्या तरी जुना कोड पुसला जात नाही, ही तक्रार नेहमी येते. कारण बहुतेक वेळा 942 च्या सी उपक्षेत्रात असतं. प्रतींवरचा टाइप बदलला, पण ग्रंथनोंदीवरचा जुनाच राहिला. त्यासाठी मार्क मॉडिफिकेशन टेम्प्लेट करून बॅच रेकॉर्ड मॉडिफिकेशन चालवावं लागतं. याच दोन जागांमुळे आणखी एक घोळ होतो. आयटम टाइप प्रतीवरून घ्यायचा की ग्रंथनोंदीवरून, हे एका सिस्टिम प्रेफरन्सवर (सगळ्या कोहाला लागू होणारं सेटिंग) ठरतं. तो ग्रंथनोंदीवर असेल तर प्रतींवर काहीही लिहा, देवघेवीचे नियम 942 कडेच बघतात.

बाहेरून नोंदी आयात करताना शाखेचा कोड चुकला तर डेटाबेस प्रत घेतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. आयटम टाइपचा कोड चुकला तर प्रत निमूट आत येते. आयातीच्या दिवशीच आयटम टाइपनुसार प्रतींची मोजणी करून कोष्टकाशी ताडून पाहा.

तांत्रिक सहायक, विद्यापीठ ग्रंथालय

ऑथराइज्ड व्हॅल्यूज, म्हणजे रकान्यात निवडायच्या ठरलेल्या पर्यायांच्या याद्या. इथे सगळ्या गटांना एकच न्याय लावता येत नाही.

लोकेशन आणि कलेक्शन कोड या गटांत अक्षरी कोड चालतात. लॉस्ट, डॅमेज्ड, विथड्रॉन आणि नॉट लोन या चार गटांत मात्र फक्त आकडे. प्रतींच्या टेबलात हे रकाने छोट्या पूर्णांकाचे आहेत, वजा 128 ते 127 एवढंच त्यात मावतं. तिथे 'हरवले' असा कोड टाकून चालत नाही; कोड 1 आणि वर्णन 'हरवले' असंच करावं लागतं. लॉस्ट गटातल्या मूळ आकड्यांची वर्णनं बदला, आकडे बदलू नका. फार दिवस थकलेली पुस्तकं आपोआप 'हरवले'मध्ये टाकणारं रात्रीचं काम त्या आकड्यांवरच चालतं.

नॉट लोनमध्ये चिन्हाला अर्थ आहे. 0 म्हणजे पुस्तक देता येतं. धन आकडा म्हणजे देता येत नाही आणि आरक्षणही करता येत नाही. ऋण आकडा म्हणजे आत्ता देता येत नाही, पण आरक्षण चालतं. म्हणून 'मागवले आहे', 'नोंदणी चालू', 'बांधणीला गेले' हे ऋणात, आणि 'फक्त वाचनकक्षात', 'दुर्मिळ' हे धनात. बांधणीला 3 दिला की महिनाभर कुणालाच ते पुस्तक राखून ठेवता येत नाही, आणि देवघेवीच्या टेबलावर कारण सापडत नाही. पुस्तक परत आलं की ही स्थिती आपोआप उतरावी यासाठी 'चेकइनवर नॉट फॉर लोन बदला' या अर्थाचा प्रेफरन्स आहे. त्यात अनेक आवृत्त्यांत एका ओळीत एक जोडी: वजा 1, अपूर्णविराम (:), जागा, 0.

आता सर्वांत महत्त्वाचं. वापरात असलेली व्हॅल्यू कोहा विनातक्रार पुसू देतं. लोकेशनमधून एखादी ओळ पुसली तरी प्रतींवर तो कोड तसाच राहतो, फक्त त्याचं वर्णन जातं. नंतर कुणी किंमत दुरुस्त करायला ती प्रत उघडतो. लोकेशनच्या यादीत तो कोड नसल्यामुळे रकाना रिकामा दिसतो. किंमत बदलून जतन केलं की लोकेशनही रिकामं जतन होतं. किंमत दुरुस्त झाली, पण पुस्तक कुठल्या दालनातलं ही माहिती गेली. म्हणून पुसण्याआधी रिपोर्ट्समध्ये एक छोटा रिपोर्ट करून ठेवा: प्रतींच्या टेबलातले लोकेशन गटवार मोजा आणि ऑथराइज्ड व्हॅल्यूजच्या लोकेशन गटात नसलेलेच दाखवा. उत्तर शून्य ओळी यायला हवं. कलेक्शन कोडसाठीही तसाच एक.

प्रत्येक व्हॅल्यूला दोन वर्णनं असतात, एक कर्मचाऱ्यांसाठी आणि एक ओपॅकसाठी (वाचकांचा पुस्तकं शोधायचा पडदा). 'कपाट 14, खालचा कप्पा' हे पहिल्यात, 'मराठी कादंबरी दालन' हे दुसऱ्यात.

देवघेव विभाग, जिल्हा वाचनालय

सर्क्युलेशन रूल्सबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त फोन याचेच येतात.

नियम शोधताना कोहा आधी त्या शाखेचं कोष्टक पाहतं, आणि तिथे जुळणारी ओळ नसेल तरच सर्व शाखांच्या कोष्टकाकडे जातं. शाखेच्या कोष्टकात क्रम असा: नेमका सभासद वर्ग आणि नेमका टाइप, मग नेमका वर्ग आणि सर्व टाइप, मग सर्व वर्ग आणि नेमका टाइप, शेवटी सर्व आणि सर्व. याचा परिणाम नीट लक्षात घ्या. एखाद्या शाखेच्या पानावर 'सर्व, सर्व' अशी ओळ भरली, तर सर्व शाखांच्या पानावरचे तुमचे नेमके नियम त्या शाखेपुरते बाजूला पडतात. शाखा एकच असेल तर सगळं सर्व शाखांच्या पानावरच भरा आणि शाखेचं पान रिकामं ठेवा. सर्व शाखांच्या पानावर 'सर्व, सर्व' ही ओळ मात्र असायलाच हवी, नाहीतर आरक्षणं अडायला लागतात.

दिवाळी अंकांची ओळ नमुन्यादाखल देतो. सभासद वर्ग: साधारण. आयटम टाइप: दिवाळी अंक. एकावेळी 1. मुदत 4, एकक दिवस. दंड 2, दंडाचा अंतराल 1, सवलतीचे दिवस 1, दंडाची कमाल 50. नूतनीकरण 0.

आता यातले खड्डे. दंडाचा अंतराल रिकामा किंवा 0 राहिला की दंड लागतच नाही, दंडाच्या रकान्यात काहीही असो. सवलतीचा 1 दिवस दंडातून वगळायचा की मोजायचा हे वेगळ्या प्रेफरन्सवर आहे. अंक 3 दिवस उशिरा आला तर मोजून 6 रुपये, वगळून 4. आठवड्याला 5 रुपये असा दंड असेल तर अंतराल 7, पण आकारणी अंतरालाच्या शेवटी असेल तर 6 दिवस उशिराला काहीच नाही, सातव्या दिवशी 5. आकारणी सुरुवातीला ठेवली तर पहिल्याच दिवशी 5 आणि आठव्या दिवशी 10. कार्यकारी मंडळाचा ठराव काय म्हणतो ते वाचून मगच भरा.

'एकावेळी' हा रकाना रिकामा म्हणजे अमर्याद, 0 म्हणजे एकही नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दिवाळी अंक 1 आणि 'सर्व टाइप' 2 अशा दोन ओळी असतील तर सभासदाला एकूण 3 मिळतात. ज्या टाइपची स्वतःची ओळ आहे तो 'सर्व'च्या मोजणीत धरला जात नाही. एकूण 2 हवी असतील तर त्याच पानावर खाली सभासद वर्गनिहाय एकूण मर्यादेचा वेगळा चौकोन आहे, तिथे 2 भरा.

ओळीतलं 'एडिट' दाबलं की आकडे खालच्या भरायच्या ओळीत येतात. तिथे सभासद वर्ग किंवा आयटम टाइप बदललात तर जुनी ओळ बदलत नाही, नवी तयार होते, आणि त्या जोडीची आधीपासून ओळ असेल तर ती झाकली जाते. एका शाखेचे नियम दुसरीकडे क्लोन केले तर दुसरीचे सगळे आधीचे नियम जातात. क्लोन करण्याआधी दोन्ही पानं पीडीएफ करून ठेवा.

नियम बदलल्याने आधी दिलेल्या पुस्तकांच्या परतीच्या तारखा बदलत नाहीत. दंड मात्र त्या दिवशीच्या नियमाने मोजला जातो. दंड 1 चा 2 केला की आत्ता थकलेल्या सगळ्यांचा दंड पहिल्या दिवसापासून 2 ने निघतो. दरवाढीची तारीख फलकावर आधी लावा आणि थकबाकीची यादी त्या दिवशी छापून ठेवा.

कॅलेंडरचं थोडक्यात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर 'दरवर्षी त्याच तारखेला' असे भरा. गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद त्या वर्षाच्या तारखेपुरतीच, नाहीतर पुढच्या वर्षी भलत्याच दिवशी सुट्टी निघते. परतीची तारीख मोजताना सुट्ट्या वगळायच्या असं ठेवलंत तर सोमवारी 7 दिवसांसाठी दिलेलं पुस्तक, रविवार बंद असल्याने, पुढच्या मंगळवारी देय होतं. 'फक्त पुढच्या उघड्या दिवशी ढकला' असं ठेवलंत तर सोमवारीच.

ग्रंथपाल, तालुका सार्वजनिक वाचनालय

वरच्या प्रतिसादात रुपयांची एक गोष्ट राहिली. किती बाकी असली की इश्यू थांबवायचं, या प्रेफरन्सची मूळ किंमत 5 आहे. आरक्षण थांबवणाऱ्याचीही 5. रुपयांत ती ठेवून चालणार नाही, 6 रुपये दंड झाला की वाचक अडतो. नवं कोहा बसलं की पहिल्याच दिवशी हे दोन आकडे बदलून घ्या. करन्सीमध्ये रुपया सक्रिय आहे ना आणि तारीख दिवस-महिना-वर्ष अशी दिसते ना, हेही तेव्हाच पाहा.

मासिक वर्गणी सभासद वर्गातूनच बसवता येते. मुदत 1 महिना आणि प्रवेश शुल्क वर्गणीएवढं ठेवलं की प्रत्येक नूतनीकरणाला तेवढी रक्कम खात्यावर चढते. मग वरची मर्यादा वर्गणीपेक्षा कमी असेल तर वर्गणी थकलेल्या सभासदाला पुस्तक मिळत नाही. काही वाचनालयांना तेच हवं असतं. फक्त ते जाणूनबुजून ठेवा, चुकून राहू देऊ नका. 'कार्डाच्या मुदतीआधी पुस्तक परत' हा प्रेफरन्स चालू असेल तर 28 तारखेला दिलेल्या पुस्तकाची मुदत 30 तारखेला संपू शकते. मासिक सभासदांसाठी तो बंद बरा.

अनामत रक्कम येणं म्हणून खात्यावर चढवू नका, ती परत द्यायची असते. पेट्रन ॲट्रिब्यूटमध्ये 'अनामत' आणि 'अनामत पावती क्रमांक' असे दोन प्रकार करून ठेवा. एकच नोंद की अनेक, आणि किंमत एकमेव हवी की नको, हे सुरुवातीलाच ठरवा.

तालिकाकार

मार्क फ्रेमवर्क, म्हणजे नोंद भरताना कोणती क्षेत्रं दिसतील त्याचा साचा. डिफॉल्टला हात लावण्याआधी ते निर्यात करून ठेवा, कारण आयात केलं की अख्खं फ्रेमवर्क बदलतं, फक्त बदललेल्या ओळी नव्हेत. निर्यात केलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून जतन केली की 008 चं 8 आणि 020 चं 20 होतं. ओडीएस घ्या, किंवा टॅगचा रकाना आधी मजकूर करा.

952 ची सगळी उपक्षेत्रं 'आयटम्स' या एकाच टॅबमध्ये हवीत. एक जरी दुसरीकडे गेलं तरी प्रतींचं काम बिघडतं. बदलानंतर ॲडमिनिस्ट्रेशनमधली फ्रेमवर्क चाचणी चालवा, ती हेच तपासते.

छोटं फ्रेमवर्क करण्याचा मोह होतो: फक्त लेखक, शीर्षक, प्रकाशक. नव्या नोंदींना ते ठीक आहे. पण बाहेरून आणलेली भरगच्च नोंद त्या फ्रेमवर्कमध्ये उघडून जतन केली, तर फ्रेमवर्कमध्ये नसलेली क्षेत्रं जातात. 650 चे सगळे विषय असे उडतात.

द्विबिंदू वर्गीकरण (रंगनाथन यांची पद्धत) वापरणाऱ्यांनी क्लासिफिकेशन सोर्सेसमध्ये नवा स्रोत करून त्याला जेनेरिक फाइलिंग नियम जोडावा. ड्यूई दशांश वर्गीकरणाचा नियम लावला तर कपाटाचा क्रम जुळत नाही.

सिस्टिम सांभाळणारा

थेट एसक्यूएलने (डेटाबेसला आज्ञा द्यायची भाषा) कोष्टकं बदलणाऱ्यांसाठी. शक्यतो करू नका. करायचंच असेल तर आधी कोहा-डम्प (डेटाबेसची राखीव प्रत काढायची आज्ञा). फाइल /var/spool/koha या फोल्डरात, आपल्या इन्स्टन्सच्या (आपण बसवलेल्या कोहाच्या) नावाखाली येते. तिचा आकार आणि तारीख डोळ्यांनी पाहा, मगच पुढे.

बदल केला पण पडद्यावर जुनंच दिसतं, याचं कारण मेमकॅश, म्हणजे कोहाचा तात्पुरता साठा. सिस्टिम प्रेफरन्स, फ्रेमवर्क अशा बऱ्याच गोष्टी तिथे धरून ठेवलेल्या असतात. पडद्यावरून बदल केला की कोहा ते स्वतः रिकामं करतं, एसक्यूएलने केला की त्याला काही कळत नाही. मेमकॅश आणि प्लॅक (कोहाची पानं चालवणारी सेवा) दोन्ही पुन्हा सुरू करा.

प्रतींचं लोकेशन किंवा टाइप एसक्यूएलने बदललं तर शोधाचा निर्देशांकही शिळा राहतो, कारण त्या नोंदी झेब्रा या शोधयंत्राच्या रांगेत लागत नाहीत. ओपॅकवर डावीकडे जुन्या दालनाचं नाव आणि पुस्तकाच्या पानावर नवं, असं दिसलं तर हेच झालंय. वाचनालय बंद झाल्यावर पूर्ण रीबिल्ड चालवा.

आणि सिस्टिम प्रेफरन्सचे बदल लॉगमध्ये नोंदले जातात ना, ते पाहून घ्या. कोणता प्रेफरन्स, नवी किंमत काय, कुणी आणि कधी बदलला, हे लॉग व्ह्यूअरमध्ये मिळतं; त्याच प्रेफरन्सची आधीची नोंदही तिथे असली की जुन्या किमतीवर परत जायला दोन मिनिटं लागतात.