मदत हवी आहे: अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकडीचा खरा षड्ज (सा) कोणता?

किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब यांच्या झिंझोटी रागातल्या ठुमरीच्या दोन डिजिटल प्रती माझ्याकडे आहेत. दोन्हींच्या षड्जात जवळपास अर्ध्या स्वराचा फरक आहे, म्हणजे वेगात सुमारे ६ टक्के. जुन्या तबकड्या ७८ किंवा ८० फेऱ्यांवर मुद्रित होत, पण या दोन्हींतला फरक अडीच टक्क्यांचाच, त्यामुळे तेवढ्याने हिशेब लागत नाही.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक प्रत वेग बदलून दुसरीशी जुळवली (फक्त पट्टी बदलली तर लय तशीच राहते, म्हणून तो पर्याय वापरला नाही). दोन्ही तंतोतंत जुळल्या, म्हणजे मुद्रण एकच आहे. षड्ज सुरुवातीला आणि शेवटी तपासला, मध्येच कुठे सरकत नाही. स्पेक्ट्रममध्ये विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण दिसते; तिच्यावरून वेग ठरवता आला असता, पण ती प्रत करताना शिरलेली असू शकते. चढ्या प्रतीत तबला किरटा आणि आवाज चिमटल्यासारखा वाटतो, तरी नुसत्या कानावर निर्णय सोपवायला मन धजत नाही. त्यांच्या गाण्यातली स्वराची आस पट्टी चुकली की हरवते.

माझ्याकडे ७८चा प्लेअर नाही. मूळ तबकडी असलेल्या कोणी स्ट्रोबने (फिरण्याचा वेग मोजायच्या लुकलुकत्या दिव्याने) वेग तपासून ती वाजवली आहे का? ७८ फेऱ्यांवर षड्ज नेमका कोणत्या पट्टीत येतो?