आधी ‘दशावतार’ गाठा

अण्णा, मराठी ‘दशावतार’ की कन्नड ‘कांतारा: चॅप्टर 1’, दोन्हींतला एकच सिनेमा बघायचा असेल तर माझं मत ‘दशावतार’ला. तो आधीचा, 12 सप्टेंबर 2025 ला लागलेला. 2 ऑक्टोबर 2025 चा ‘कांतारा’ कुठं पळून जात नाही. देव, सोंग, जंगल दोन्हींत आहेच. ‘कांतारा’त ऋषभ शेट्टींच्या लढाया अंगावर येतात, पण मधला भाग लांबतो. इकडं ‘दशावतार’मध्ये तेव्हा 81 वर्षांचे असलेले दिलीप प्रभावळकर रंगवलेल्या चेहऱ्यातून नुसते डोळे फिरवतात, बास! (त्यातला खाणीविरुद्धचा मुद्दा जरा भाषणासारखा झालाय, चालतंय.) आणि ‘कांतारा’ बघाल तेव्हा कन्नडमधलाच बघा. बेळगावात राहून हिंदी डब कशाला? तेवढं कन्नड कळतंय की आपल्याला.