विचारपूस होते, पण जवळीक का वाटत नाही?

प्रश्न: बीड भागात ऊसतोडीहून परतलेल्या बायकांशी आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) बोलतात. पण बायका मोकळ्या होत नाहीत. कुठं चुकतं?

उत्तर १: सल्ला फार लवकर येतो. ती "कंबर धरलीय" म्हणाली की लगेच गोळी सांगू नका. आधी तिचंच म्हणणं तिला ऐकवा: "मोळ्या उचलून कंबर गेली म्हणायची." मग चार-पाच सेकंद गप्प राहा. खरी गोष्ट बहुधा त्यानंतर येते. अंदाज चुकला तर ती दुरुस्त करते, चालतं. नुसता कळवळा असून भागत नाही, तो तिला जाणवला पाहिजे. आणि "माझंबी तसंच" नको, विषय तुमच्याकडं वळतो.

उत्तर २: सासू शेजारी असेल तर हे सगळं फुकट!

उत्तर ३: थोडं स्वतःचंही सांगावं, पण नंतर. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन यांच्या १९९७ च्या प्रयोगात अनोळखी जोड्यांनी हळूहळू खोल जाणारे ३६ प्रश्न आळीपाळीनं विचारले. वरवरच्या गप्पांपेक्षा जवळीक जास्त वाटली.