मॉरिस मायनर १९५८: चारही ड्रम ब्रेक खोलतोय, सिलिंडर होन करू की स्लीव्ह मारून घेऊ?

धवळीचा मायनरवाला

नमस्कार मंडळी. आमची मॉरिस मायनर १००० आहे, १९५८ ची, ९४८ सीसी. गोवा मुक्त व्हायच्या आधी आजोबांनी घेतलेली, तेव्हापासून फोंड्यातच. बाबा आजारी पडल्यापासून पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन आता छान चालतं, अडलंय ते ब्रेकवर.

पेडल पहिल्या दाबाला जवळजवळ तळाला जातं. लगेच परत दाबलं की वर येतं आणि कडक लागतं. शिवाय मार्दोळपर्यंत जाऊन आलं की पुढचं डावं चाक इतकं तापतं की हबकॅपला हात लावता येत नाही. जॅकवर घेतलं तर चाक हाताने फिरत नाही, थोड्या वेळाने आपोआप सुटतं. मागच्या उजव्या टायरला आतल्या बाजूने ओल दिसते.

एक मेस्त म्हणतो, ड्रमच्या नादी लागू नका, पुढे मारुतीचे डिस्क बसवू. दुसरा म्हणतो, लायनर (ड्रमला आतून घासणारं, झिजणारं अस्तर) नवे मारा, रबरी वॉशरचं किट टाका, झालं. मला गाडी आहे तशीच ठेवायची आहे. चवथीला बहीण पुण्याहून येते, तिला याच गाडीतून म्हाळसेच्या देवळात न्यायचं मनात आहे. सिलिंडर होन केले (आतून दगडाने घासून गुळगुळीत केले) तर चालतील का, की स्लीव्ह (आत नवी नळी) मारून घेऊ? आणि ब्रेक ऑइल कुठलं घालू?

जुनी गाडी, म्हापसा

माझी फियाट ११०० आहे, पण हा आजार सगळ्या जुन्या गाड्यांचा एकच. डाव्या चाकासाठी आधी होज पाइप बघा. रबरी होज आतून फुगते, वरून ठणठणीत दिसते. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, पण परत यायला वाट मिळत नाही.

चाक जाम असतानाच तपासा. आधी होजच्या वरच्या टोकाची, म्हणजे बॉडीकडची लोखंडी पाइप सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरकडे, म्हणजे पेडलने चालणाऱ्या मुख्य सिलिंडरकडे. नाही सुटलं, आणि ब्लीडिंग निपल (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर सुटलं, तर होज गेली. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर आत पिस्टन गंजून अडकलाय किंवा शूचं (लायनर ज्यावर बसतो त्या कमानीचं) स्प्रिंग तुटलंय.

लेथवरचा माणूस

धवळीकर, डिस्कचा विचार आत्ताच सोडा. तुमची गाडी जेमतेम साडेसातशे किलोची. सात इंची ड्रम तिला पुरतात, फक्त आतली प्रत्येक वस्तू धड असली पाहिजे. पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर आहेत आणि दोन्ही शू लीडिंग आहेत. म्हणजे ड्रम फिरताना शूला स्वतःच आत ओढतो आणि पायाचा जोर वाढवून देतो. त्या काळी लहान गाडीसाठी केलेली फार विचारपूर्वक रचना आहे ती. ती उचकटून फेकायला मन धजत नाही.

मी बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपात लेथवर काम केलं, अजूनही घरी छोटा लेथ आहे. माझ्याकडे ब्रेक सिलिंडर येतात त्यातले बरेच असे येतात: मालकाने नवे लायनर मारलेले असतात, आणि लगेचच सिलिंडर गळायला लागलेला असतो. मेस्त लायनरला दोष देतो, मालक किटला. दोष दोघांचाही नसतो. लायनर झिजत जातो तसा पिस्टन बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) बाहेर सरकत जातो, आणि वर्षानुवर्षं त्याच पुढच्या पट्टीत चालतो. ती पट्टी घासून चकचकीत राहते. मागे, जिथे रबरी वॉशरची कड कधी पोचतच नाही, तिथे ऑइलमधलं पाणी साचून लोखंड खातं. नवा जाड लायनर मारला की शू आत बसतो आणि पिस्टनला थेट त्या गंजक्या पट्टीत ढकलतो. नव्या वॉशरची नाजूक कड त्या खड्ड्यांवरून चालली की कापली गेलीच. म्हणून लायनर आधी आणि सिलिंडर मग, असं कधीही करू नका. सिलिंडर आधी.

आता होन की स्लीव्ह? सिलिंडर खोला, पिस्टन काढा, बोअर स्पिरिटने धुवा, आणि बॅटरीच्या उजेडात तळाची बाजू बघा. पाणी खाली बसतं, म्हणून खड्डे जवळजवळ नेहमी खालच्या अंगाला असतात. बांबूची टोकदार काडी बोअरमधून ओढून बघा. नुसता काळा डाग असेल तर काडी अडत नाही. तिथे बारीक दगडाने हलका हात फिरवला की पुरे. काडी अडली तर तो खड्डा, आणि खड्डा निघेपर्यंत होन केलं तर बोअर मोठा होतो, वॉशर ढिला पडतो. तिथे स्लीव्हच. स्टेनलेसची घ्या किंवा पितळेची, आमच्या हवेत दोन्ही टिकतात. बोअर मूळ मापालाच यायला हवा आणि ऑइलचं भोक परत उघडून त्याची धार मोडायला हवी, एवढं टर्नरला बजावून सांगा.

मास्टर सिलिंडर मात्र कुणाकडेही देऊ नका. त्यात ऑइल टाकीत परत जाण्यासाठी टाचणीएवढं बारीक भोक असतं. स्लीव्ह मारल्यावर ते बरोबर त्याच जागी पाडावं लागतं. जागा जराशी पुढेमागे झाली किंवा आत धार राहिली, तर ब्रेक सुटणार नाहीत किंवा वॉशर कापेल. मायनरचा मास्टर ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीत बसवलेला आहे. त्याचे लांब बोल्ट बाहेर काढताना टॉर्शन बार (पुढच्या चाकाच्या स्प्रिंगचं काम करणारी सळई) आडवा येतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवून बसा. परत बसवताना बोल्ट उलट्या दिशेने घाला, पुढच्या वेळी बारला हात लावावा लागणार नाही. पिस्टन आणि मुख्य वॉशर यांच्यामध्ये एक पातळ, किंचित वाकलेली धातूची चकती असते. जुन्या वॉशरला चिकटून ती कचऱ्यात जाते. ती नसेल तर वॉशर पिस्टनच्या भोकांत ओढला जाऊन फाटतो. ती आधी शोधून डबीत ठेवा.

ऑइल भरायची जागाही तिथेच, कार्पेटखालच्या गोल झाकणाखाली. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर सगळी धूळ थेट मास्टरमध्ये.

आणि रबराजवळ पेट्रोल, रॉकेल, डिझेल, ग्रीस काही येऊ देऊ नका. गराजमध्ये सगळं पेट्रोलने धुवायची सवय असते, तिथे स्वतः उभे राहा. खनिज तेलाने हे वॉशर फुगून मऊ पडतात. धुवायला स्पिरिट, आणि बसवताना लाल रबर ग्रीस किंवा ताजं ब्रेक ऑइल.

धवळीचा मायनरवाला

देव बरें करूं, काका. आज पुढचं डावं चाक खोललं. वरच्या सिलिंडरचा पिस्टन बरा निघाला, खालच्याचा गंजून बसलाय. होजसुद्धा गेलेली आहे. कापून बघितली तर भोक जवळजवळ मिटलेलं, आत सुई जेमतेम जाते. मागच्या चाकाची ओल दाट आहे आणि तिला उग्र वास येतो.

दोन शंका. पेडल पहिल्या दाबाला तळाला जातं ते मास्टरमुळे का? आणि लोखंडी पाइपाही गंजल्यात. दुकानदार म्हणतो मारुतीच्या तयार पाइपा बसतील.

वाळपईचा चालक

लायनरबद्दल माझं एक सांगणं, आणि ते कृपा करून मनावर घ्या. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ड्रम काढल्यावर कंप्रेसरच्या हवेने धूळ उडवायची पद्धत सगळीकडे आहे. ती तुमच्या गाडीवर होऊ देऊ नका. पाणी फवारून ओलं करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. घरात लहान मुलं असतील तर हे काम पोर्चमध्ये नकोच.

दाट आणि उग्र वास म्हणजे अ‍ॅक्सलचं ऑइल, ब्रेकचं नव्हे. ब्रेक ऑइल पाण्याने धुतलं जातं, हे जात नाही. आधी हबचं सील बदला. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत वापरतात, तसं करू नका. तापला की तो पुन्हा ऑइल सोडतो आणि एकच चाक कमी धरतं. चोर्ला घाटात पावसात उतरताना गाडी एका अंगाला ओढायला लागली की काय वाटतं, ते मी अनुभवलंय. लायनर दोन्ही मागच्या चाकांचे एकदमच बदला.

लेथवरचा माणूस

वाळपईकरांचा शब्द न् शब्द पाळा.

पेडलचं असं. दुसऱ्या दाबाला वर येऊन कडक राहतं, म्हणजे शू आणि ड्रममध्ये अंतर फार आहे, अ‍ॅडजस्टमेंट कधीची झालेली नाही. स्प्रिंगसारखं लागलं असतं तर पाइपांत हवा शिरलेली असती. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकलं असतं आणि बाहेर कुठे गळती नसती, तर मास्टरचा वॉशर. तुमचा मास्टर आज धरतोय, पण इतकी वर्षं उभी राहिलेली गाडी आहे, किट तरी बदलाच. पुढच्या चाकाला दोन-दोन अ‍ॅडजस्टर आहेत, प्रत्येक शूचा वेगळा. एक आवळून दुसरा विसरला जातो. चाक लॉक होईपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंतच सैल करा. हवा काढताना मात्र सगळे शू आवळलेलेच ठेवा, सिलिंडरमध्ये कमी ऑइल मावतं आणि हवा लवकर निघते. सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. पेडलला वर थोडी मोकळीक हवीच. ती नसली तर मी म्हटलं ते बारीक भोक झाकलेलं राहतं, ऑइल तापून फुगतं आणि चारही चाकं धरून बसतात.

मारुतीच्या पाइपा नकोत. तुमचे युनियन (पाइप जोडणारे नट) इंची आट्यांचे आहेत, ३/८ यूएनएफ. मारुतीचे मेट्रिक, १० मिलिमीटरचे. जोर लावून कुणी ते घुसवले किंवा सिलिंडरला टॅप मारून नवीन आटे पाडले, तर सिलिंडर कायमचा गेला. जुने युनियन नट सोडवून स्पिरिटमध्ये घासून ठेवा. नवी पाइप ३/१६ इंची तांबं-निकेलची घ्या, ती खाऱ्या हवेत गंजत नाही आणि हाताने वाकते. साधं तांबं नको, थरथरीने कडक होऊन चिरतं. टोकाचं फ्लेअर (पसरट केलेलं तोंड) जुन्या पाइपेला होतं त्याच आकाराचं करून घ्या. जुनी पाइप फेकू नका, नमुना म्हणून सोबत न्या.

ऑइल डॉट ४ घाला, सीलबंद डबा. कोरडं असताना ते २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी प्यायलं की मर्यादा १५५ वर येते. आमच्या पावसाळ्यात ते पाणी पितंच. म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास सगळं काढून नवीन भरायचं. उरलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही. सिलिकॉनचं डॉट ५ कुणी सुचवेल. ते पाणी शोषत नाही हे खरं, पण म्हणूनच आत शिरलेलं पाणी खालच्या सिलिंडरमध्ये थेंब होऊन बसतं, आणि जुन्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही.

सगळं जोडल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण ताकदीने दाबून कुणाला तरी मिनिटभर धरायला सांगा, आणि तुम्ही प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. तो गंजलेला पिस्टन हातोडीने ठोकू नका. चांगल्या सिलिंडरची पाइप बंद करून पेडलच्याच दाबाने तो बाहेर येतो का बघा. नाही आला तर पाठवून द्या, पिस्टन नवा वळून देतो.