मानसिक आजाराची औषधं : साइड इफेक्टचे तुमचे अनुभव सांगा

मीच सुरुवात करते. बायपोलर (मूड कधी टोकाचा वर, कधी टोकाचा खाली), सहा वर्षं लिथियमवर. गोळीने सावरलं हे शंभर टक्के खरं, पण हात थरथरतो. परवा पाहुण्यांना चहा देताना बशीत कप खुळखुळायला लागला तर काकू म्हणे, अगं घाबरतेस काय एवढी! तहान तर विचारू नका, बाटली उशाशी घेऊनच झोपते. रक्तातली लिथियमची लेव्हल रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी बघतात, शिवाय थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). एकदा गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन आणून चार दिवस घेतली आणि लेव्हल चढून 1.5 झाली, म्हणजे जास्तच, डॉक्टर असे चिडले ना. ती लिथियमबरोबर चालत नाही हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचं लिहा, नाव नको.

---

एसिटालोप्राम, डिप्रेशनवरची गोळी. पहिले दहा दिवस मळमळ आणि जांभया, बरं वाटायला महिना गेला. मग वेगळंच, इच्छाच गेली. बायकोला वाटलं मला तिचा कंटाळा आलाय. डॉक्टरांना सांगायला मी आठ महिने लावले (आपण मूर्ख), त्यांनी दोन मिनिटांत औषध बदललं.

---

माझा भाऊ, स्किझोफ्रेनिया, क्लोझापिनवर. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त. झोपेत लाळ इतकी की आई रोज सकाळी उशीचा अभ्रा धुवून दोरीवर टाकते, बद्धकोष्ठ वेगळंच. पण त्याला कानात ऐकू येणारे आवाज कमी झालेत हो. गणपतीत कॅरमला बसला, किती वर्षांनी.

---

ओलान्झापिनने 11 किलो वाढले. रात्री दीडला फरसाणचा डबा घेऊन ओट्यापाशी उभी असायचे, पोट भरलंय हे कळायचंच नाही. सगळे जाडी जाडी म्हणायला लागले म्हणून गुपचूप बंद केली, पाचव्या आठवड्यात अ‍ॅडमिट. आता अ‍ॅरिपिप्राझोल आहे, वजन थांबलं पण पाय स्वस्थ बसत नाहीत, एसटीत शेजारची बाई म्हणाली पाय हलवू नका, अपशकुन असतो.

---

रिस्पेरिडोनने माझी पाळी चार महिने बंद. सासूबाईंनी परस्पर गोड बातमी ठरवून टाकली आणि निघालं प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) वाढलेलं! औषध बदललं, पाळी आली, सासूबाई अजून रुसलेल्याच.

---

क्लोझापिनवाल्या ताई, आईंना सांगा अभ्र्यावर जुना टॉवेल घालायचा, आमच्याकडे तेच करतो. आणि लाळेवर गोळी मिळते, पण तिने बद्धकोष्ठ वाढू शकतं, तेव्हा विचारूनच.