सिंकखालचं कचरा दळायचं मशीन: बिघडलं तर भुर्दंड कोणाला?

कोलशेतचा भाडेकरू

मंडळी, ठाण्यात कोलशेत रोडला भाड्यानं राहतो. ११ महिन्यांचा करार, त्यातले ७ झाले. घर दाखवताना मालकांनी सगळ्यात आधी सिंकखालचं कपाट उघडलं होतं. आत काळं, बरणीसारखं मशीन. खरकटं सिंकमध्ये लोटायचं, नळ सोडायचा, बटण दाबायचं, दळून सगळं पाइपात. मुलाकडे अमेरिकेत पाहिलं आणि इथे हौसेनं बसवून घेतलं म्हणे. आम्ही काही मागितलं नव्हतं.

रविवारपासून बटण दाबलं की नुसतं घूंऽऽ करतं, फिरत नाही. मालकांना फोन केला तर म्हणाले, "तुम्हीच काहीतरी भलतं टाकलं असणार. नवीन १४,००० ला येतं, डिपॉझिटमधून वळते करून घेईन." माझं म्हणणं सरळ आहे. गिझर, चिमणी, हे मशीन, सगळं त्यांचं. त्यांची वस्तू, त्यांची दुरुस्ती. नाहीतर भाडं कशाचं देतो आपण?

नेरूळचा घरमालक

भाडं राहण्याचं देता. वस्तू वापरून खराब करण्याचं नाही.

रागावू नका, पण मी दुसऱ्या बाजूचा आहे. मशीन आपोआप जुनं होऊन बंद पडलं तर मालकानं बघावं, मान्य. आत हाड नाहीतर चमचा अडकून बंद पडलं तर मालकाचा काय संबंध? केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना दिला. त्याच्या परिशिष्टात स्वयंपाकघरातल्या फिटिंगची दुरुस्ती भाडेकरूकडेच टाकली आहे. नळाचे वॉशर, गिझर, स्विच, तेसुद्धा.

कोलशेतचा भाडेकरू

तो नमुना आहे हो, राज्यानं स्वीकारला तर लागू. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो.

नेरूळचा घरमालक

चालतो ना. पण तुमचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. त्यात लायसेन्सीला, म्हणजे तुम्हाला, ठळकपणे काय मिळतं, तर मुदत संपून घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं भरायची शिक्षा, कलम २४. मिक्सर-मशीनच्या दुरुस्तीबद्दल करारात लिहिलं असेल तेच खरं. करार काढा आणि वाचा.

वकिलाची बायको, वकील नाही

करार नोंदवलेला आहे का ते आधी बघा. कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर हेच ऐकावं लागतं रोज.

ऐरोलीची अन्नपूर्णा

पुरुषमंडळींनो, कायदा नंतर. आधी सिंकखाली वाका.

घूंऽऽ आवाज येतोय म्हणजे मोटर जिवंत आहे, चाक अडकलंय. काहीच आवाज नसता तर वीज किंवा ओव्हरलोड. आता प्लग काढा. नुसतं स्विच बंद नको, प्लगच काढा. मशीनच्या बुडाशी मधोमध सहा कोनी भोक असतं. त्यात ॲलन की, म्हणजे सहा कोनी वाकडी चावी, घालून दोन्ही बाजूंना हिसके द्या, चाक सुटतं. मग वरून टॉर्च मारून चिमट्यानं अडकलेलं काढा. हात घालायचा नाही म्हणजे नाही. बुडाचं लाल बटण बाहेर आलं असेल तर दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या आणि आत दाबा. माझं चार वर्षांत दोनदा अडकलं, दोन्ही वेळा असंच सुटलं. शून्य रुपये.

लोकांना वाटतं आत मिक्सरसारखी पाती आहेत. नाहीत. फिरत्या तबकडीवर बोथट गोळे असतात, ते खरकटं बाजूच्या खरबरीत कड्यावर आपटून घासतात. म्हणून धागे निघणारं काही घालायचं नाही, ते गुंडाळत बसतं: शेवग्याची शेंग, केळीची साल, मक्याची पानं, नारळाची शेंडी, अळूच्या देठाच्या शिरा. आंब्याची कोय तर विचारूच नका. भात मूठभरही नको, पाइपात फुगतो. चहाचा चोथा बारीक म्हणून आत ढकलतात, तो वाकणात गाळासारखा बसतो.

पाणी गारच सोडायचं. गरम पाण्यात तूप-तेल वितळतं आणि पुढे पाइपात गोठतं. मशीन थांबल्यावरही पंधरा-वीस सेकंद नळ चालू ठेवा. वास आला तर लिंबाची सालं आणि बर्फाचे चार खडे दळा, पण खरा वास मशीनच्या तोंडाच्या रबराच्या खालच्या बाजूला असतो. तिथे जुना टूथब्रश आणि खायचा सोडा. ॲसिड ओतू नका, रबर आणि सील जातात. आणि मशीनच्या अंगाखालून पाणी ठिबकायला लागलं तर ते सीलच. मग दुरुस्तीत पैसे घालू नका, बदलाच. तो खर्च मात्र मालकाचा, माझं ठाम मत.

पहिला मजला, घोडबंदर रोड

तुम्ही सगळे वरच्या मजल्यावर राहता वाटतं.

मालक की भाडेकरू हा तुमचा प्रश्न. आमच्या स्वयंपाकघरात काय होतं ते ऐका. बावीस मजल्यांचा उभा पाइप आमच्या स्लॅबखाली आडवा वळतो. वरून दळलेला चोथा आणि तूप त्या वाकणात बसतं, आणि वरच्यांनी नळ सोडला की ते पाणी आमच्या सिंकमधून वर येतं. गणपतीत आलं. घरात २१ मोदक आणि सिंकमध्ये कुणाची तरी आमटी.

न्यूयॉर्कमध्ये बहुतेक भागात १९९७ पर्यंत या मशीनवर बंदी होती, सांडपाण्याच्या जुन्या लाइनींवर ताण नको म्हणून. इथे ओला कचरा रोज सकाळी दारातून नेतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनीच ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायटीला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. आमच्या गार्डनमागे खताचे पिट आहेत, माळी खत झाडांना घालतो. मग पाण्याचा टँकर मागवून, तेच पाणी नळातून सोडून, तोच कचरा गटारात का घालायचा?

ऐरोलीची अन्नपूर्णा

आमच्याकडे असं एकदाही झालेलं नाही. नीट वापरलं तर होत नाही. आणि बादलीतल्या ओल्या कचऱ्याची पावसाळ्यातली चिलटं तुम्ही विसरलात का?

पहिला मजला, घोडबंदर रोड

तुमच्याकडे कसं होईल? तुम्ही कितव्या मजल्यावर?

ऐरोलीची अन्नपूर्णा

चौदाव्या. बरं.

कोलशेतचा भाडेकरू

अपडेट. ॲलन की शेजारच्या सायकलवाल्या काकांकडून आणली. तिसऱ्या हिसक्याला चाक सुटलं. टॉर्च मारला तर आत कुकरची शिट्टी. आमचीच. गेल्या आठवड्यात हरवली म्हणून बायकोनं स्टेशनबाहेरून नवी आणली होती. चेपली आहे, पण ओळखता येते.

मशीन चालू झालं. अडकवलं आम्ही, हे मालकांना फोन करून सांगितलं.

नेरूळचा घरमालक

प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं. मी काय म्हणत होतो?

कोलशेतचा भाडेकरू

तुम्ही अर्धं म्हणत होता. न बघताच १४,००० चा आकडा त्यांनीही काढला होता. नवीन करारात एक ओळ घालायला सांगितली आहे: अडकलं तर भाडेकरू, मोटर किंवा सील गेलं तर मालक. ते हो म्हणाले. बुडाचे आणि आतले फोटोही पाठवून ठेवले, तारखेसकट.

पहिला मजला, घोडबंदर रोड

आणि पाइप तुंबला तर कोण, ती ओळ?

कोलशेतचा भाडेकरू

आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो... उद्या खाली जाऊन पहिल्या मजल्यावरच्या काकूंना विचारून येतो.